सुखरूप पोचलेले अण्णा आणि मनोरीचा रिकामा डबा

बोरिवली (पूर्व), मुंबई
दि. २० फेब्रुवारी १९८७

ती. जानकीताईस,

जयवंतचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचल्यावर खुशाल म्हणजे कितपत ते तूच ठरव. भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांनी या वर्षी तरी काजूच्या झाडावर चढायचं सोडलं का? (सोडलं नसणार. आणि खाली उभं राहून त्यांच्यावर ओरडायचं तूही सोडलं नसशील, म्हणजे दोघांच्या तब्येती उत्तम आहेत असं मी धरून चालतो.) म्हशीला रेडी झाल्याचं वाचून आनंद झाला. नीला बारावीच्या अभ्यासात बुडाली आहे, निदान तिच्यासमोर पुस्तक उघडं असतं.

तुझं पत्र पोचलं. अण्णा पूर्वी पानभर लिहायचे, ते आता 'बरो आसय, काळजी करू नको' एवढंच लिहून खाली सही करतात, त्यांना झालंय तरी काय, असं तू विचारलं आहेस. आणि शेवटी 'तू काय केलंस?' असंही विचारलं आहेस. 'तुम्ही' नाही, 'तू'. आचऱ्याच्या पडवीत बसून बोरिवलीतला गुन्हेगार नेमका हुडकायची ही विद्या तुला कुठून मिळाली कोण जाणे. पण ताई, मी काहीच केलेलं नाही. जे केलं ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी, चंद्रप्रकाशरावांनी केलं. मी फक्त खाली सही केली.

आता पहिल्यापासून सांगतो. ऑक्टोबरात अण्णा हरवले होते. (घाबरू नकोस, सापडले. तुला तेव्हा कळवलं नाही, कारण तार मिळताच तू पहिल्या एस.टी.त बसली असतीस, आणि इकडे अण्णांना शोधायचं की तुला गप्प करायचं हे आम्हांला ठरवता आलं नसतं.) चपलेचा अंगठा शिवून आणतो असं सुगंधाला सांगून ते बाहेर पडले. चांभार आमच्या गेटाबाहेर बसतो. अण्णा त्याच्या समोरून गेले, बस पकडून मालाडला, तिथून मार्व्याला, आणि मार्व्याच्या धक्क्यावरून होडीत बसून पलीकडे मनोरीला पोचले. कशासाठी, तर समुद्र बघायला! लालबागची खोली सोडून इथे आल्यापासून समुद्र दिसला नाही, असं नंतर म्हणाले. अगं, मला सांगितलं असतं तर रविवारी जुहूला नेलं असतं, भेळ खाऊ घातली असती. पण अण्णा सांगतील तर ना. भर उन्हात होडीतून उतरताना त्यांना चक्कर आली. तिथल्या एका घरच्या माणसांनी त्यांना उचलून नेलं, पेज पाजली, आणि शेवटची होडी निघून गेल्यामुळे रात्री ठेवून घेतलं. आम्ही इकडे काय भोगलं ते लिहीत नाही. सुगंधाने नवस बोलून ठेवलेत, ते फेडायला तुझ्याकडे मे महिन्यात यायचंच आहे.

सकाळी मी पोलीस चौकीत अण्णांचं वर्णन देत असताना (उंची मध्यम, वर्ण सावळा, स्वभाव विचारू नका) त्या घरचा मुलगा अण्णांना रिक्षाने घेऊन आला. पास्कल त्याचं नाव. तो खाली कोणाला भेटावा? चंद्रप्रकाशरावांना. हे गृहस्थ फोर्टातल्या एका साहेबी कंपनीत जन्मभर स्टेनो होते. साहेब गेला, कंपनी गेली, पण यांचा टाय गेला नाही. पाण्याचा पंप बिघडला तरी नोटीस इंग्रजीत लावतात, त्यामुळे निम्मी बिल्डिंग बादल्या घेऊन उभी राहते आणि उरलेली निम्मी नोटिशीचा अर्थ त्यांनाच विचारायला जाते. पास्कलच्या गळ्यात क्रूस बघितल्याबरोबर यांनी त्याच्यावर इंग्रजी झाडायला सुरुवात केली. तो बिचारा 'ओल्ड मॅन, ओके, नो मेन्शन' एवढं म्हणाला, पत्ता देऊन होडी गाठायला परत फिरला. चंद्रप्रकाशराव वर येऊन आम्हांला म्हणाले, माणसं इंग्रजी वळणाची आहेत, आभार नीट मानले पाहिजेत.

सुगंधाचं म्हणणं सरळ होतं. रविवारी नारळ नि पेढे घेऊन मनोरीला जायचं, हात जोडायचे, चहा प्यायचा, परत यायचं. मला ते पटलंही होतं. पण चंद्रप्रकाशराव म्हणाले, आगाऊ न कळवता इंग्रजी वळणाच्या माणसाच्या दारात उभं राहणं हा त्यांच्यात अपमान समजतात, आधी पत्र. आणि संध्याकाळी टाइपरायटर काखेत मारून ते आमच्या घरात येऊन बसले. मग मला जे ऐकावं लागलं ते असं: इंग्रजीत एकदाच आभार मानले तर ते मानलेच नाहीत असं धरतात. वर एकदा मानायचे. मधे कशाबद्दल ते सांगायचं. खाली पुन्हा मानायचे, तिथे 'वन्स अगेन' घालायचं. त्यानंतरही मनात काही उरलं तर ते 'अ‍ॅडिशनल', त्याला वेगळं पत्र. आणि हे अ‍ॅडिशनल आभार पहिल्यापेक्षा मोठे दिसता कामा नयेत, नाहीतर पहिले खोटे होते असा समोरच्याचा समज होतो. ताई, मी ऑफिसात हेडक्लार्क आहे, रोज इंग्रजीशी माझा संबंध येतो, पण आभारांना एवढे मजले असतात हे मला माहीत नव्हतं. आपल्यात हे आहे का? लहानपणी तू मला तळीतून केस धरून बाहेर काढलंस, तेव्हा मी तुला थँक यू म्हटलं होतं? तू माझ्या थोबाडीत दोन ठेवून दिल्यास, मी भोकाड पसरलं, आणि प्रकरण मिटलं.

पत्र तयार झालं. चंद्रप्रकाशरावांच्या कंपनीला विलायतेहून यंत्रांची खोकी यायची, त्यांच्या पोचपावतीचा मसुदा त्यांना तोंडपाठ होता, त्यातच त्यांनी अण्णांना बसवलं. पहिलं वाक्य असं होतं: 'वी अ‍ॅक्नॉलेज विथ थँक्स द सेफ रिसीट ऑफ अवर फादर इन गुड कंडिशन.' मी म्हटलं, अहो, हा बाप आहे, खोकं नाही. तर म्हणाले, इंग्रजीत भावना आतून असते, ती वर दिसली तर मजकूर बिघडतो. खिडकीत बसलेल्या अण्णांनी मधेच बोट वर केलं. (तुला ठाऊकच आहे, गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांच्या आवाजापुढे माणसाचं बोलणं ऐकू जात नाही, म्हणून अण्णा जन्मभर बोटांनीच बोलले.) चंद्रप्रकाशराव म्हणाले, अण्णा, जरा थांबा, डिक्टेशन चाललंय. अण्णांनी बोट खाली घेतलं. त्या बोटात काय होतं हे तेव्हा कोणी विचारलं असतं, तर आज मला हे एवढं मोठं पत्र लिहावं लागलं नसतं.

नाताळात मनोरीहून डबा आला. आम्ही लग्नाला दादरला गेलो होतो, म्हणून पास्कल तो चंद्रप्रकाशरावांकडेच देऊन गेला. (आमच्या नशिबात नेहमी हेच गृहस्थ दारात उभे असतात.) चांगला मोठा, कडीचा अॅल्युमिनियमचा डबा. आत नेवऱ्या, दोदोल नावाची गुळाची काळी वडी, आणि वर कापडात गुंडाळलेली मसाल्याची बाटली. ताई, तुझ्या मसाल्याला मी कधी नावं ठेवणार नाही, पण त्या बाटलीतला मसाला घालून सुगंधाने बांगड्याचं कालवण केलं आणि अण्णांनी भात दोनदा मागून घेतला. आई गेल्यापासून अण्णांनी काही मागून घेतलेलं मला आठवत नाही. डब्याबरोबर इंग्रजी पत्र होतं, त्यात 'ओल्ड मॅन'ला घेऊन पुढच्या महिन्यात जेवायला या असं लिहिलं होतं. अण्णांनी दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून पांढरा सदरा काढला आणि खाली इस्त्रीवाल्याकडे स्वतः देऊन आले. कुठे जायचंय असं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता नीट वाच, कारण खरा घोळ इथे आहे. सुगंधा म्हणाली, डबा परत द्यायचाय, त्यात रव्याचे लाडू घालते. चंद्रप्रकाशराव म्हणाले, अजिबात नाही. त्यांच्यात भांडं स्वच्छ धुऊन, पुसून, रिकामं, ताबडतोब परत करतात. त्यात काही घातलं तर तुमची वस्तू आम्ही फेडली, असा अर्थ होतो. आणि आमंत्रण? तेही नुसतं सभ्यपणाने दिलेलं असतं, ते आभार मानून नाकारायचं असतं. सुगंधा म्हणाली, अहो, रिकामा डबा कसा द्यायचा, अवसेला जन्मलेल्यानेसुद्धा कधी दिला नसेल. (ती चिडली की काय वाट्टेल ते बोलते.) पण मी म्हटलं, त्यांच्यात चालत असेल, त्यांची पद्धत त्यांना. तर हे दुसरं पत्र, वर थँक यू, मधे अ‍ॅडिशनल, खाली वन्स अगेन, आणि सर्वांत शेवटी 'वी शॅल नॉट ट्रबल यू एनी फर्दर', म्हणजे यापुढे आपणांस तसदी देणार नाही, अशा झोकदार वाक्याने संपवून, लखलखीत घासलेल्या रिकाम्या डब्यासकट मी आमच्या ऑफिसातल्या कुंडलिक शिपायाबरोबर पाठवून दिलं. तो मार्व्याच्या बाजूला राहतो.

त्यानंतर मनोरीहून चिठ्ठी नाही, चपाटी नाही. सबंध जानेवारी गेला. पांढरा सदरा घडी मोडल्याशिवाय ट्रंकेत परत गेला. अण्णा खिडकीतून उठून आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. बांगडा केला तरी ताटातला अर्धा तसाच. तुला दोन ओळींची पत्रं यायला लागली ती याच दिवसांत. मी चंद्रप्रकाशरावांना विचारलं, तर म्हणाले, आभार कमी पडले असावेत. आणि त्यांनी तिसरं पत्र टाइप केलं!

ते तिसरं पत्र खिशात घालून मागच्या रविवारी मी एकटा मनोरीला गेलो. होडीतून उतरल्यावर घर लगेच सापडलं. अंगणात एक म्हातारी लुगड्याचा काष्टा मारून बोंबील सुकत घालत होती. मी बूट सरळ केले आणि होडीत बसून पाठ केलेलं म्हटलं: गुड मॉर्निंग मॅडम, आय हॅव कम टू एक्स्प्रेस माय अ‍ॅडिशनल थँक्स. म्हातारी बोंबील हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मना इंग्रजी येत नाय रे बाबा. तू मराठी मानूस ना? मग तोंड वाकडं करून कशाला बोलतं?"

ताई, ती माणसं मराठी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच, देवळात न जाता चर्चमध्ये जातात एवढंच. घरात बोलतात ती आपलीच भाषा, जरा समुद्राकडून आलेली. आमचं एकेक इंग्रजी पत्र घेऊन ही कॅतरीनबाय पाद्रीकडे वाचून घ्यायला गेली, उत्तरही त्यालाच लिहायला लावलं. तो तिला म्हणाला, पत्र घेऊन येतेस तशी प्रार्थनेला का येत नाहीस. म्हणजे इकडे आम्ही चंद्रप्रकाशरावांना चहा पाजतोय, तिकडे ती पाद्रीला मासे पोचवतेय, आणि दोन मराठी घरं उसन्या इंग्रजीत एकमेकांचे आभार मानतायत. आमच्यात कोणी वेडं नाही असं मी आजवर समजत होतो.

ती रागावलेली होती. तसा तिला हक्कच होता. म्हणाली, "डबा रिकामा धाडला तुमी. आमचेत दुश्मनाला पन रिकामा डबा देत नाय." आणि पाद्रीने वाचून दाखवलं की ही माणसं परत येणार नाहीत, तसदी नको म्हणतात. आभार परक्याचे मानतात, असं तिचं म्हणणं. म्हाताऱ्याला आम्ही आमच्या बाजेवर निजवलं, पेज पाजली, मग आम्ही परके कसे? खिशातलं तिसरं पत्र मी तिथे काढलंच नाही. तिने मला बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही, आणि तो डबा माळ्यावर पालथा घातलेला मला दिसत होता.

पण मला लागलं ते वेगळंच. पडवीत तिचा नवरा बसला होता, इनास त्याचं नाव. परळच्या गिरणीत साच्यावर होता, आता कान पूर्ण गेलेत. त्याने मला बघून हात वर केला आणि बोटांनी काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं. मला कळेना. कॅतरीनबायनेच तुटकपणे सांगितलं, तुमचा म्हातारा कुठे आहे ते विचारतोय. त्या दिवशी अण्णा आणि तो संध्याकाळभर पडवीत बसून बोटांनी बोलत होते म्हणे, हसत होते म्हणे. ताई, अण्णा हसत होते. घरात चार माणसं असून आम्हांला कोणाला ती भाषा येत नाही, आणि जिथे ती येते तिथलं दार मी वन्स अगेन म्हणून बंद करून आलो. परतीच्या होडीत मला रडू आलं. शेजारी कोळंबीची टोपली होती, म्हणून डोळ्यांतलं पाणी तिच्या वासावर ढकलून निभावून नेलं.

घरी येऊन अण्णांना विचारलं, तुम्हांला माहीत होतं ना ती माणसं मराठी बोलतात ते? तर म्हणतात, "तुमी कोणी इचारल्यात?" बस्स! सुगंधाने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि ती कुकर लावायला गेली. यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं. बुधवारी तीच अण्णांना घेऊन मालाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. त्या डॉक्टरकडे एवढी काय गर्दी असते देव जाणे, दिवेलागणीला परत आली. आणि मालाडचे रस्ते म्हणजे काय सांगू, दोघांच्या चपलांतून निम्मा पेला वाळू निघाली. म्युनिसिपालिटी करते काय?

असो. भावोजींना नमस्कार. पाकीट पेटीत टाकायला अण्णांकडेच देतो आहे. चिकटवलेलं नाही, त्यांना दोन ओळी लिहायच्या असल्या तर लिहितील.

तुझा,
जयवंत

ता. क. ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते राहिलंच. त्यांचा डबा त्यांच्या घरी आहे, तेव्हा तो भरून देता येत नाही. म्हणून आता आपलाच डबा भरून न्यायचा, असं माझ्या मनात आहे. त्यासाठी कोकमाची सोलं, फणसाची साठं, कुळथाची पिठी आणि जत्रेतलं खाजं लगेच पाठव. विकतचं इथे मिळतं, पण सुगंधा म्हणते विकतचं घातलंत तर मी घर सोडून जाईन. शिवाय कॅतरीनबायला तू चार ओळी लिही, आपल्या मालवणीत. मला आता मालवणी लिहायला गेलं तरी खाली 'युवर्स फेथफुली' येईल अशी भीती वाटते.

ता. क. २. गेल्या मे महिन्यात तू चंद्रप्रकाशरावांना काजू दिले होतेस, त्याचे अ‍ॅडिशनल आभार राहिले आहेत असं त्यांच्या लक्षात आलंय. पत्र येईल. कृपा करून उत्तर देऊ नकोस, नाहीतर ते त्याचेही मानतील.

ता. क. ३. बाय जानके, अनेक आशीर्वाद. पाकीट उगडा होता म्हणून वाचलंय. जयवंतान लिवलेला सगळा खरा, पण अर्दा. बुधवारी डोळ्याच्या डाक्टराकडे कोण गेला नाय. सुगंधान घावणे आणि काळ्या वाटाण्याचा सांबारा करून आमचो पितळेचो डबो भरल्यान आणि आमी दोगाय मनोरीक गेलाव. कॅतरीनबायन डबो उगडून बगल्यान आणि सुगंधाक मिठी मारल्यान. कोणी कोणाचे आभार मानूक नाय. मी आणि इनास बोटां दुखापर्यंत गजाली मारीत बसलाव. जयवंताक ह्या इतक्यात सांगा नको. तुझ्या सामानाची वाट बगीत बसात, तवसर तरी त्या टायवाल्याकडे जावचो नाय. सोलां मातर भरपूर धाड. येताना सुगंधा आमचो डबो परत घेवक लागली. मी घेवक देवक नाय, थयच ठेवन इलंय. डबो थय रवलो तर तो परत आणूक माका जावक होया मा. तुजो अण्णा.